पाच वाजल्यानंतरची खोली

धुरपताबाईचं नाव निघालं की मला आधी राग येतो, बाकीचं सगळं मागून आठवतं. राग कशाचा, तर ती बाई कधी बसायची नाही. पायाला भिंगरी लावल्यागत दिवसभर चालू. मी इकडं पाढे घ्यायची आणि तिकडं दारातून तिची सावली जायची, परत यायची, परत जायची. हातात कधी झाडू, कधी घागर, कधी कुणाचं तरी शेंबडं लेकरू. भाकरीसुद्धा हातावर घेऊन उभ्या उभ्या खायची, तीही घंटेजवळ, वेळ चुकू नये म्हणून. मी वैतागून ओरडायची, "धुरपता, काय चाललंय गं तुझं सारखं? डोकं उठवलंस!" ती म्हणायची, "झालं बाई, झालं," आणि दुसऱ्या दारानं पुन्हा सुरू.

मी कुसुमबाई. परभणीत रुळापलीकडच्या वस्तीत एका संस्थेची प्राथमिक शाळा होती, पत्र्याच्या पाच खोल्यांची. तिथं मी सोळा वर्षं शिकवलं. स्वभावानं मी तापट, हे आधीच सांगून टाकते. पोरं मला माघारी काय म्हणायची ते मला पुरतं मालूम होतं, इथं सांगत नाही. धुरपताबाई शाळेत झाडलोट करायची आणि पाणी भरायची. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी. पण झाडणारी बाई म्हणून मी तिला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं. तेव्हा तसंच चालायचं. कुणाला त्यात काही वाटायचं नाही, मला तर मुळीच नाही.

ती पालमकडची. नवरा तापानं गेलेला, पदरात एक पोरगी, मनकर्णा. बहात्तरच्या दुष्काळात गावातला आड आटला तेव्हा दीर भुजंग, जाऊ, त्यांची तीन लेकरं आणि ह्या दोघी असे सातजण एसटीच्या टपावर गाठोडी टाकून परभणीला आले. वर्षभर तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मग आमच्या हेडमास्तरांनी, दिनकररावांनी, तिला शाळेत घेतली. आमच्या वस्तीत सगळे असेच आलेले होते. निम्मी बौद्धांची घरं, निम्मी कोरडवाहू सोडून आलेल्या कुणब्यांची. गावात ज्यांचे उंबरे एकमेकांपासून लांब होते त्यांची पालं इथं दोरीला दोरी लावून उभी राहिली. पुढं पालांचे पत्रे झाले, पण घर म्हणजे एक खोली, तेवढं काही बदललं नाही.

आता ती खोली कशी सुरू झाली ते सांगते. मी सुरू केली असं लोक म्हणतात. छापून पण आलं होतं एकदा. खोटं आहे ते.

त्र्याहत्तरची दिवाळी झाली होती. चष्मा शाळेत विसरला म्हणून मी साडेसहाला परत गेले. बघते तर शेवटच्या खोलीत दिवा. ती खोली जास्तीची, मोडके बाक टाकायची. पण मतदानाच्या वेळी पेट्या तिथं ठेवत, म्हणून शाळेतली एकुलती एक लाइट तिथंच होती. मी तणतणत गेले. आत बाक भिंतीला सारलेले, जमीन लख्ख झाडलेली, आणि दिव्याखाली मनकर्णा गणितं करत बसलेली. तिच्या बाजूला आणखी चार पोरी. दाराशी दोन बायका, मांडीवर लेकरं घेऊन, उगाच उजेडाला आल्यासारख्या. आणि धुरपताबाई आपली खोलीभर फिरतेय.

"शाळा काय तुझ्या बापाची आहे का गं?" मी म्हणाले.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "पर लाइट हाय. नुसतीच लटकायलीय. जळंना का जरा."

तिचा दीर धान्याच्या मोंढ्यात, बाजारात, हमाल होता. पहाटे चारला पोती उचलायला जायचा, म्हणून घरात सातलाच कंदील विझायचा. सात माणसं एका खोलीत, अंधारात, आणि त्यात ही पोरगी अभ्यास कुठं करणार? हे सगळं ती मला सांगायली आणि माझं लक्ष मनकर्णाच्या वहीकडं. पोरीनं भागाकार साफ चुकवला होता. उद्या हेडमास्तरांना सांगून हिची चावी काढून घेते, असं मी मनाशी ठरवलेलं. पण चुकलेलं गणित मला बघवत नाही, त्याला काय करू? मी खडू उचलला. भागाकार झाला, मग दुसरीनं वही पुढं केली, मग तिसरीनं. घरी गेले तेव्हा आठ वाजून गेले होते आणि चष्मा शाळेतच राहिला होता.

बस्स, तेवढंच माझं कर्तृत्व. दुसऱ्या दिवशी मी पाचला निघाले तर धुरपताबाई फाटकात उभी. म्हणाली, "बाई, आठ पोरी आल्यात. भागाकारवाल्या." मी पुटपुटत परत फिरले.

पोरींच्या मागं त्यांच्या आया आल्या. आया आल्या म्हणून पाट्या आणाव्या लागल्या. चांगुणाबाई म्हणून एक भाजी विकणारी बाई होती, ती पहिल्यांदा सही शिकली. बोर्डावर, भिंतीवर, माझ्या छत्रीवरसुद्धा तिनं खडूनं नाव लिहिलं. मग बुधवारी दवाखान्यातली नर्स लेकरांना सुया टोचायला तिथंच येऊ लागली. कुणीतरी जुनं शिलाई मशीन दिलं. वस्तीतली रिकामी फिरणारी तरणी पोरं शनिवारी कॅरम खेळायला यायची. त्यांच्याकडून धुरपताबाईनं पत्र्याची भोकं बुजवून घेतली. पहिल्या वर्षी काही बायका घरून पाण्याचा तांब्या आणायच्या. धुरपताबाईनं भरलेला माठ त्यांना चालायचा नाही. मला ते कळायचं आणि संताप यायचा. ती मात्र माठ रोज घासायची, रोज भरायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तांब्या आणणं आपोआप बंद झालं.

ह्या सगळ्यात ती उभीच. कुणाची वही कोपऱ्यात पडली, दे उचलून. कुणाचं लेकरू रडलं, घे कडेवर. कुणाचा नवरा फाटकाशी बोंबलायलाय, जा त्याला समजावून परत पाठव. तीन वर्षं मी फळ्याकडं तोंड करून शिकवत राहिले आणि माझ्या पाठीमागं तिची पावलं वाजत राहिली.

शहात्तरच्या डिसेंबरात संस्थेच्या सेक्रेटरींनी दिनकररावांना बोलावून घेतलं. त्यांचा सरकीचा धंदा होता आणि पोती ठेवायला जागा पाहिजे होती. शेवटची खोली नाहीतरी जास्तीचीच आहे म्हणाले. दिनकरराव म्हणजे साधा माणूस, मोठ्यानं बोलायला लागलं की त्यांना खोकला यायचा. पण त्या दिवशी खोकत खोकत त्यांनी एक गोष्ट केली. जिल्ह्याचे समाजशिक्षणाचे साहेब एकदा खोली बघून जाऊ द्यात, असं त्यांनी मान्य करून घेतलं. साहेबांनी खोली केंद्र म्हणून मंजूर केली तर पोती दुसरीकडं. साहेबांची अट एकच होती. येतील त्या दिवशी किमान चाळीस बायका हजर पाहिजेत.

"कुसुमबाई, चाळीस," दिनकरराव म्हणाले. "एकोणचाळीस झाल्या तरी सरकी येईल."

मला माझ्या वर्गाची फिकीर होती, खोटं कशाला सांगू. पण धुरपताबाईच्या घरात ह्या खोलीवर पोरीचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. मनकर्णा त्या वर्षी दहावीला होती, मार्चमध्ये परीक्षा. भुजंग वाईट माणूस नव्हता. पाठीवर पोती वाहून त्यानं दोन संसार ओढले होते. पण त्याचा शब्द एकदा निघाला की निघाला. तो शाळेच्या फाटकाशी येऊन मला स्वतः सांगून गेला होता, "खोली हाय तवर शिकू द्या, बाई. खोली बंद झाली की पोरगी सांजंची बसनार कुठं? पोखर्णीचं स्थळ वाट बघायलंय. फाल्गुनात उरकून टाकतो." म्हणजे परीक्षेच्या ऐन तोंडावर लग्न. मनकर्णाला हे ठाऊक होतं. ती वहीतून मान वर काढायची नाही, आणि तिची आई तर आता चालायची सोडून पळायलाच लागली होती.

चाळीस बायका म्हणजे काही फार नाही, माझ्या हजेरीवहीत तर साठाच्या वर नावं. मग अडचण काय? अडचण त्या वर्षाची. ते नसबंदीचं वर्ष होतं. जीप दिसली की वस्तीतले गडी ज्वारीत पळायचे, बायका कड्या लावून बसायच्या. 'साहेब येणार आहेत, सभा आहे, या' असं नुसतं म्हटलं असतं तरी शाळेच्या आसपास चिटपाखरू फिरकलं नसतं. दोन दिवस मी डोकं खाजवलं. आणि मग मला ती अक्कल सुचली. संक्रांत आलीच होती. म्हटलं, हळदीकुंकू ठेवायचं! शाळेत हळदीकुंकू म्हटल्यावर कोण घाबरतंय? बायका नटून येतील, साहेब बघून जातील, काम फत्ते. दिनकरराव तर एवढे खूश झाले की खोकलेच नाहीत.

धुरपताबाई तेव्हा ऑफिसातली खिडकी पुसत होती. तिचा हात थांबला.

"हळदीकुंकूच म्हनायचं का, बाई?"

"मग काय म्हणायचं? सभा म्हणायचं?"

"तसं न्हाई… निस्तं तिळगूळ म्हनलं तर?"

"तिळगुळाला नवरे सोडत नाहीत," मी फाडकन म्हणाले. "हळदीकुंकवाला नको म्हणायची कुणाची टाप आहे? तू आपली घरोघर सांगून ये. आणि मधेमधे अक्कल पाजळू नकोस."

ती काही वेळ तशीच उभी राहिली, हातात फडकं घेऊन. तीन वर्षांत ती एवढी स्थिर उभी राहिलेली मी पहिल्यांदा बघितली. मग "बरं" म्हणाली आणि गेली. मी मनात म्हटलं, चला, समजलं हिला. आता आठवलं की वाटतं, स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी, सत्त्याहत्तरच्या जानेवारीत, साहेब यायचे होते. धुरपताबाईनं सकाळपासून खोली सारवून काढली. पोरींनी रांगोळी घातली. मी वाण म्हणून लाकडी फण्या आणल्या, ऊस-बोरं आणली, नवं पातळ नेसले. चार वाजले. बायका येऊ लागल्या, नटलेल्या, हसत. आठ झाल्या, पंधरा झाल्या. मी दारात उभी राहून मोजायले. साडेचारला एकवीस, मग एक धावत आली, बावीस. आणि पुढं कुणी नाही. फाटकातून धुरळा उडवत जीप आली. मफलर गुंडाळलेले साहेब उतरले, मागून स्कूटरवर सेक्रेटरी. साहेबांनी खोलीत नजर फिरवली, खुर्चीवर बसले, घड्याळ काढलं.

"बावीसच दिसतात," साहेब म्हणाले. सेक्रेटरी भिंती न्याहाळत होते. पोती किती थरांची बसतील ते बघत असावेत.

माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. मी मागल्या दारानं बाहेर आले. धुरपताबाई माठाशी.

"काय केलंस तू? कुणाकुणाला सांगितलंस?"

"सांगायचं त्यांला सांगितलं, बाई."

"मग चांगुणाबाई कुठं आहे? पहिली सही तिची! ती का नाही आली?"

"चांगुनाबाईचा मालक वारलाय, बाई," धुरपताबाई हळू म्हणाली. "दुष्काळाच्या आधीच. तिला कसं सांगू मी हळदीकुंकू हाय म्हनून? आन् आमच्या आळीत तर कुनालाच न्हाई सांगितलं. आमाला कवा कुनी बोलवलंय हळदीकुंकवाला? निरोप घिऊन गेले आसते तर बाया म्हनल्या आसत्या, थट्टा करायलीस का."

 साठ नावांची वही डोळ्यांपुढं उघडली आणि एकेक कपाळ दिसायला लागलं. विधवा, टाकलेल्या, आणि निम्मी बौद्धांची घरं. तीन वर्षं रोज ह्या बायकांच्या पाट्या तपासल्या, आणि कुणाच्या कपाळावर काय आहे ते मला माहीत नव्हतं. मी जात मानत नाही, सोवळंओवळं मानत नाही, असं मी मिरवायची. म्हणून तर मला काही दिसलंच नव्हतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे, जिनं ही खोली उभी केली तिलाच मी घरोघर दुसऱ्यांना आमंत्रण द्यायला पाठवलं होतं. तिला स्वतःला बोलावणं नव्हतंच.

फाटकाबाहेर आड होता. पाण्याची हीच वेळ. बघते तर सगळ्या तिथं उभ्या! चांगुणाबाई, आणि तिच्या मागं तीस-चाळीस बायका, डोक्यावर, कमरेवर घागरी. रोज पाणी शेंदून घरी ठेवायच्या आणि मग वर्गाला यायच्या. आज जीप बघून पाणी अर्धवट टाकून निघायच्या बेतात होत्या.

मला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. मी धावत आत गेले, कुंकवाचा करंडा उचलला, बाहेर आले. धुरपताबाई फाटकाशी पोचली होती. सगळ्यांच्या देखत मी करंड्यात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाकडं हात नेला. रूढी मोडायची म्हणजे काय, मी मोडते! अंगावर काटा आला होता माझ्या.

धुरपताबाई एक पाऊल मागं सरली.

"नगं बाई."

"अगं, मी लावतेय. मला काही नाही त्याचं."

"तुमाला नसंल. मला हाय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "छप्पन साली दीक्षा घेतली तवा सासऱ्यानं घरातले देव पोत्यात घातले आन् गंगेत सोडले. माझा करंडाबी त्याच पोत्यात गेला. मालक जित्ता होता तवा न्हाई लावलं, आन् आता तुमच्या सायबासाठी लावू? कपाळाचं ऱ्हाऊ द्या. वही आना भाईर."

"वही?"

"हजेरीची. सायबाला बाया मोजायच्यात न्हवं? आमी काय आत आल्यावरच बाया हाव का?"

मी करंडा कुठं ठेवला मला आठवत नाही. वही आणली, दौत-टाक आणला. साहेब आणि सेक्रेटरी काय चाललंय म्हणून बाहेर आले, आणि तिथंच घात झाला. साहेब, जीप, आणि कागदावर सही! त्या वर्षी सही म्हणजे काय, हे वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कुजबूज सुरू झाली. "बाई, कशाची सही हाय?" "सहीनंतर जीपमंदी घालतेत म्हनं." मागच्या दोघी घागरी घेऊन चालायला लागल्या. मी ओरडले, "अगं, आपलीच वही आहे ही!" पण मी ओरडले की बायका आणखी घाबरायच्या. चांगुणाबाईसुद्धा टाकाला हात लावेना.

"थांबा गं!" धुरपताबाई म्हणाली. "आदी मी करते."

ती आडाच्या कट्ट्याशी आली. मी टाक दौतीत बुडवून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि उजवा अंगठा पुढं केला.

मला काही कळेना. खरं सांगते, दोन क्षण मला काही कळेना. मग सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अंगठा? तीन वर्षं वर्गात आहेस आणि तुला सही येत नाही?"

"बाई," ती म्हणाली, "तुमी कवा बस म्हनलाव?"

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. विचारल्यावर सांगावं तसं तिनं सांगितलं. दिनकररावांनी शिक्क्याची गादी आणली. तिनं अंगठा दाबला, वहीवर उमटवला, लुगड्याला पुसला आणि मागं वळून म्हणाली, "बघा, मला न्हाई नेलं कुनी जीपमंदी. या आता. रोज करता तीच सही हाय. चांगुने, ये पुढं."

चांगुणाबाई आली. घागर खाली ठेवून तिनं टाक घेतला आणि अर्धी ओळ खाईल एवढ्या मोठ्या अक्षरात नाव लिहिलं. मग रांग लागली. कुणाची शाई सांडली, एकीनं आनंदानं दोनदा सही केली ती मी खोडली. हे बघून आतल्या बावीसजणीही बाहेर आल्या आणि त्याच रांगेत उभ्या राहिल्या, हातात वाणाच्या फण्या तशाच. साहेब कट्ट्याजवळ उभे राहून मोजत होते. साठ सह्या आणि एक अंगठा.

"ह्या बाई वर्गातल्या नाहीत वाटतं," अंगठ्यावर बोट ठेवून साहेब म्हणाले.

एरवी मी त्यांना चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी दिनकररावच बोलले, आणि न खोकता बोलले. "साहेब, वर्ग ह्यांचाच आहे."

खोली राहिली. सरकी दुसरीकडं गेली. भुजंगनं पोखर्णीला निरोप पाठवला की पोरीची परीक्षा आहे, थांबायचं तर थांबा. ते थांबले नाहीत, बरंच झालं. मनकर्णा त्या साली पास झाली, पुढं नर्सिंगला गेली, येलदरीच्या दवाखान्यात लागली. हे सगळं लोकांना माहीत आहे, ते मी ऐटीत सांगतेही. दुसऱ्या दिवशी काय झालं ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

रात्रभर मी तीन वर्षांच्या संध्याकाळी उलटून बघितल्या होत्या. एकदा तरी म्हणाले असेन की, बस गं. एकदाही नाही. पाणी आण, लेकरू घे, दार लाव, आवाज कमी कर. आईच्या हातचं पाणी पिऊन पोरगी दिव्याखाली दहावीपर्यंत पोचली, आणि आई त्याच दिव्याखाली उभी राहून थकली. मनकर्णानं शिकवलं नसतं का? पण तिला अभ्यास सोडून आईला शिकवायला वेळ कुठला, आणि ही बया तो मागणार कशाला!

मंगळवारी पाच वाजले. धुरपताबाई घागर उचलून आडाकडं निघाली. मी आडवी आले आणि तिच्या हातातून घागर काढून घेतली.

"बसा, धुरपताबाई," मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. "काय चुकलं का, बाई?"

आयुष्यात मला पुष्कळजण पुष्कळ बोललेत, पण त्या चार शब्दांइतकं कधी लागलं नाही. "काही नाही चुकलं," मी म्हणाले, "पाटी घ्या. चांगुणाबाई, ह्यांना जागा द्या." आणि डोळ्यांत आलेलं दिसू नये म्हणून घागर घेऊन बाहेर पडले.

जन्मात मी आडाचं पाणी शेंदलं नव्हतं. दोर हातात चावला, पोहरा दोनदा भिंतीवर आपटला, घागर कमरेवर घेतली तर निम्मं पाणी पातळावर. खिडकीतून बघितलं. ती सतरंजीच्या अगदी कडेला बसली होती, गुडघे वर, एक तळवा जमिनीला टेकलेला, कधीही उठता यावं असा. पाटी मांडीवर होती आणि नजर माझ्यावर.

"बाई, घागर तिरपी धरा!" आतून हाक आली. "समदं सांडायलंय की!"

"गप बसा तिथं! पाटीकडं बघा!" मी ओरडले. सगळा वर्ग खो खो हसला. तिनं मान खाली घातली आणि पेन्सिल हातात धरली, कशी धरायची ते तिला चांगुणाबाईनं दाखवलं. मी घागर माठात रिकामी केली. माठ अर्धासुद्धा भरला नव्हता, म्हणून दुसरी घागर आणायला परत आडाकडं गेले.